नानांच्या नावाचा माइट

रायपूर (आता राजधानी),
२ जून २००४

ती. सौ. प्रमोदिनीताईस,

धाकट्या यशोधनचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे तो तूर्त कागदावरच घ्यावा). अकोल्याच्या उन्हाळ्यात तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींनी गोड खाणं सोडलं, की फक्त तुझ्यासमोर खाणं सोडलं? इकडे सगळं ठीक आहे. मंजिरी शिकवते त्या शाळेला सुटी आहे, म्हणजे तिचं सगळं लक्ष माझ्यावर आहे. ऋता दहावीत गेली. मी तिच्याशी मराठीत बोलतो, ती मला हिंदीत उत्तर देते, आणि दोघांनाही वाटतं की आपण समोरच्याला सांभाळून घेतोय. नानांना चौऱ्याऐंशी पूर्ण झाली. रोज सकाळी तेलीबांधा तलावाशी फिरायला जातात आणि येताना दोन-तीन नवे मित्र घेऊन येतात. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं आनंदात पाहिलेलं नाही, आणि ताई, माझं सगळं दुखणं नेमकं तेच आहे.

तुझं मार्चमधलं पत्र मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, कारण तुझा मुद्दा बरोबर होता, आणि बरोबर मुद्द्यांना उत्तर न देण्याची माझी जुनी सवय तुला माहीत आहे. घरात नवीन जीव आला की नाव ठेवायचा मान आत्याचा. ऋताचं नाव तू ठेवलंस, कानात कुर्र तू केलंस, चांदीचा वाळा तू आणलास. आणि मला जन्मात पहिल्यांदा काही नवीन सापडलं (असं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं), तर मी तुला न विचारता, परस्पर, छापील कागदावर त्याचं बारसं उरकून टाकलं. वर नाव ठेवलं ते आपल्या बापाचं. 'उवेला बापाचं नाव देणारा मुलगा आमच्याच घरात जन्मायचा होता' असं तू लिहिलंस. ते वाक्य मंजिरीने मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. तर आधी एवढं स्पष्ट करतो की ती ऊ नव्हे. माइट म्हणजे गोचिडीच्या दूरच्या नात्यातला एक आठ पायांचा प्राणी, आणि हा तर इतका बारीक की तिळाच्या एका दाण्यावर असे दहा-बारा जण पंगत मांडून बसतील. तो आपल्या डोक्यात राहत नाही, शेणकिड्याच्या पोटाखाली राहतो. हे ऐकून तुझं समाधान होणार नाही याची मला कल्पना आहे.

मुळापासून सांगतो. राज्य नवं झालं तेव्हा इथे प्रत्येकाला काहीतरी बढती मिळाली. तहसील होतं तिथे संचालनालय आलं, कोपऱ्यावरच्या पानवाल्याने 'राजधानी पान भंडार' अशी पाटी लावली, आणि ज्यांना आम्ही कालपर्यंत नावाने हाक मारत होतो त्यांच्या गाडीवर दिवा आला. मी मात्र एकोणीस वर्षांपूर्वी प्राणिशास्त्राचा लेक्चरर होतो आणि राजधानीतही लेक्चररच राहिलो. मग वरून कॉलेजला विचारणा झाली की नव्या राज्यात आपण नवीन संशोधन काय केलं. सगळ्यांनी काही ना काही लिहून दिलं. मी पाच दिवस विचार केला, आणि एकोणीस वर्षं तोच तो बेडूक उलटासुलटा करून मुलांना दाखवल्याखेरीज काही आठवेना. त्याच आठवड्यात व्हरांड्यातल्या दिव्याखाली एक शेणकिडा उताणा पडलेला सापडला, आणि भिंगातून पाहिलं तर त्याच्या पोटाला बारीक पिवळसर दाणे चिकटलेले. दाण्यांना पाय होते.

हा जो माइट, त्याला तोंड नसतं. खरंच नसतं, मी थट्टा करत नाही. तो खात नाही, पीत नाही. मागच्या बाजूला चिकटायच्या वाट्या असतात, त्यांनी किड्याच्या पोटाला धरून बसतो आणि किडा नेईल त्या शेणापर्यंत फुकट जातो. स्वतःचं असं काहीही करत नाही. मंजिरी म्हणाली की मला हा प्राणी बघताक्षणी जवळचा वाटला यात नवल नाही. मी हसलो नाही, कारण मला खरोखरच तो जवळचा वाटला होता.

मग सुरू झाली शेणाची मोहीम. एका किड्यावर भागत नाही, शेकडो तपासावे लागतात. मी रविवारी स्कूटर काढून आरंगच्या रस्त्याने बाहेर पडायचो, आणि कुठे गाई बसलेल्या दिसल्या की जवळच्या शेणाशी गुडघे टेकून चिमट्याने किडे वेचायचो, वहीत जागा लिहायचो, खूण म्हणून काडीला लाल फडकं बांधून रोवायचो. (कंबर ती इथे गेली.) आता तू विचार कर, त्याच भागात नवी राजधानी वसणार अशी हवा, कुणाची जमीन जाणार याच्यावर गावोगाव रात्रंदिवस चर्चा, आणि त्यात एक चष्मेवाला माणूस वही घेऊन शेतात लाल फडकी रोवत हिंडतोय. तिसऱ्या रविवारी माझ्यामागे पंधरा माणसं होती. एक म्हातारबाबा हात जोडून म्हणाले, "साहब, इहां सड़क बनही का?" मी म्हटलं, मी शेणातले किडे बघतोय. त्यांनी इतरांकडे पाहिलं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव आला की साहेब लोक खरं कधी सांगत नाहीत. मग चहा आला, खाट आली. एकाने त्याच्या शेतातलं शेण मुद्दाम दाखवायला नेलं, दुसरा म्हणाला माझ्याकडचं नका बघू, मला जमीन द्यायची नाही. पुढच्या आठवड्यात गेलो तर माझ्या सगळ्या खुणा कुणीतरी उपटून शेजारच्या गावाच्या हद्दीत रोवलेल्या. शास्त्रीय नोंदींचा पार बोऱ्या वाजला, आणि तरीही माझ्या शोधनिबंधात नकाशा आहे. त्या नकाशाबद्दल मला फार विचारू नकोस.

निबंध लिहिताना आणखी एक पराक्रम झाला. माइट कुठल्या जातीचा हे त्याच्या अंगावरच्या केसांवरून ठरतं. कुठल्या पायावर किती केस, पाठीवर किती ओळी, असं ते मोजत बसायचं. माझ्या माइटच्या मागच्या पायावर मला एक जास्तीचा, जाडसर काळा केस दिसला. जगातल्या कुठल्याच पुस्तकात नसलेला केस. मी दोन रात्री झोपलो नाही. (मंजिरी छान झोपली.) तिसऱ्या दिवशी दुसऱ्या काचेवरच्या माइटलाही तसाच केस दिसला, पण पुढच्या पायावर. चौथ्याला पाठीवर. पाचव्या काचेवर माइट नव्हताच, आणि केस होता. तेव्हा ट्यूब पेटली की हा शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यांचा धूर आहे, जो वारा तिकडून असला की आमच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि माझ्या संशोधनावर सारखाच बसतो. तो केस मी काढून टाकला. बाकीचे केस मात्र खरे होते, आणि ते कुठल्याही नोंदलेल्या जातीशी जुळत नव्हते. जुळत नव्हते ही गोष्ट आजही खरी आहे. फक्त का जुळत नव्हते, हे मी स्वतःला विचारलं नाही.

नावाचं असं झालं. नवी जात सापडली की शोधणाऱ्याला तिचं नाव ठेवता येतं, आणि कुणाच्या सन्मानार्थ ठेवायचं तर त्या माणसाच्या नावाला लॅटिनची शेपटी लावतात. मी घरी जेवताना हे वर्गीकरण कसं करतात ते ऋताला सांगत होतो, की जगातला प्रत्येक जीव कुठल्या तरी कप्प्यात बसवायचा असतो, चुकला तर काढून बरोबर कप्प्यात टाकायचा असतो. ऋताचं लक्ष नव्हतं. नाना मात्र घास हातात धरून ऐकत होते. तुला ठाऊकच आहे, चौतीस वर्षं रेल्वे मेलमध्ये सॉर्टर, धावत्या डब्यात उभं राहून खणाखणांत पत्रं टाकणारा माणूस. आणि माझा व्यवसाय त्यांना कधी कळला नाही. विचारणाऱ्याला ते सांगायचे, पोट्टा कॉलेजात किडे मारते. त्या दिवशी ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे तू बी सॉर्टरच हायेस काय बे? मंग हे इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?" एवढं बोलून वरणभात कालवायला लागले. ताई, मी पन्नाशीला आलो. त्या एका वाक्याने मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी मी निबंधात नाव टाकलं: नरहरीआय. म्हणजे नरहरीचा.

जानेवारीत निबंध छापून आला. एका हिंदी पेपरवाल्याने कॉलेजात दुसऱ्याच कामासाठी येऊन ती बातमी उचलली: 'राजधानी के प्रोफेसर ने खोजा नया जीव, पिता को किया समर्पित.' (प्रोफेसर मी नाही हे कॉलेजातल्या सर्व प्रोफेसरांनी मला त्याच दिवशी सांगितलं.) सोबत नानांचा फोटो, आणि माइट फोटोत दिसण्यासारखा नसल्यामुळे शेजारी भलामोठा शेणकिडा. नानांनी त्या कात्रणाला प्लास्टिक चढवून घेतलं आहे. ते खिशात असतं. तलावाशी त्यांना आता 'माइटवाले दादाजी' म्हणतात. आयुष्यभर लाखो लोकांची नावं वाचून योग्य खणात टाकली, आपलं नाव छापलेलं हे पहिल्यांदाच पाहून राहिलो, असं ते एकदा मला म्हणाले. मग इथल्या मराठी मंडळाचे सचिव शालिग्राम (तू ओळखत नाहीस, उत्साही गृहस्थ, माइकसमोर जास्त) घरी आले आणि म्हणाले की पितापुत्रांचा जाहीर सत्कार करायचा. तारीख २० जून, रविवार. शाल, श्रीफळ, आणि नानांचं भाषण. नानांनी जूनच्या उकाड्यात बंद गळ्याचा कोट शिवून घेतलाय, आणि ते भाषणाची चार पानं ऋताला वाचून दाखवतात. ऋता त्यांना अधूनमधून थांबवून मराठी शब्दांचे अर्थ विचारते, जे तिने मला कधी विचारले नाहीत.

इथवर सगळं छान चाललं होतं. एप्रिलच्या शेवटी बंगलोरहून पत्र आलं. तिथे डॉ. पद्मिनी म्हणून एक बाई आहेत, सगळी हयात माइटमध्ये काढलेल्या. त्यांनी निबंधाबद्दल अभिनंदन केलं, चित्रं सुबक आहेत म्हणाल्या, आणि शेवटी एका ओळीत विचारलं की आपण हा माइट वाढवून पाहिला आहे का. मला राग आला. मी घरात चार फेऱ्या घातल्या आणि मंजिरीला सांगितलं की मोठ्या शहरातल्या लोकांना छोट्या गावातलं संशोधन बघवत नाही. मंजिरी म्हणाली की आपण आता राजधानी आहोत. मग मी ठरवलं की त्या बाईंना दाखवूनच देतो, माइट वाढवतो.

वाढवायचं म्हणजे ओलं शेण हवं, आणि ते आधी वाफवून घ्यावं लागतं, नाहीतर त्यातले मूळचे रहिवासी गोंधळ घालतात. कॉलेजला सुटी, प्रयोगशाळेला कुलूप. मी इडलीपात्र वापरलं. धुऊन, पुसून, होतं तिथे ठेवलं, आणि कुणाला कळणार नाही अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी मंजिरीने ते इडलीपात्र माझ्या पुस्तकांच्या कपाटात आणून ठेवलं, आणि त्यानंतर आमच्या घरी इडली झालेली नाही. पुढची अडचण उन्हाची. पंचेचाळीस डिग्रीत बशीतलं शेण तासाभरात गोवरी होतं. घरात सतत ओलावा असलेली एकच जागा, ती म्हणजे खिडकीतला कूलर. मी शेणाच्या सहा बश्या कूलरच्या मागे, खसच्या ओल्या ताट्यांना लागून मांडल्या. शास्त्रीय दृष्टीने जागा उत्तम होती. फक्त कूलर मागची हवा ओढून पुढे फेकतो ही गोष्ट माझ्या ध्यानात यायची राहिली. (बेडकाच्या श्वसनावर मी एकोणीस वर्षं तास घेतले आहेत, पण कूलरचं श्वसन कुणी शिकवलं नव्हतं.) त्याच दुपारी शालिग्राम कार्यक्रमपत्रिका ठरवायला आले आणि नेमके कूलरसमोर बसले. बराच वेळ ते रुमाल नाकाशी नेत राहिले. शेवटी धीर करून त्यांनी विचारलं की वास कसला येतोय. मी तोंड उघडणार तोच नाना शांतपणे म्हणाले, "खसच्या ताट्या नव्या हायेत. देशी खस असाच वास देते." जन्मभर खोटं न बोललेला माणूस, ताई. माझ्या शेणासाठी बोलला.

सहाव्या दिवशी माइटने कात टाकली. नवव्या दिवशी आणखी एकदा टाकली, आणि बशीत एक जाडजूड, ऐटबाज, भलं मोठं तोंड असलेला माइट हिंडायला लागला. मी त्याचे केस मोजले. मग जुनं पुस्तक काढलं, पुन्हा मोजले. ही जात एका परदेशी माणसाने सत्तर वर्षांपूर्वी नोंदवून ठेवलेली आहे. त्याने मोठा माइट पाहिला होता, लहानपणीचा पाहिला नव्हता. मी लहानपणीचा पाहिला, मोठा पाहिला नाही. या माइटांचं लहानपणचं रूप इतकं निराळं असतं की आईबापांशी एक केस जुळत नाही, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मी स्वतः शिकवतो. म्हणजे मी नवीन जात शोधली नव्हती, जुन्या जातीचं लेकरू उचलून आणलं होतं. तू बारशाला असतीस तर आधी पाळण्यात वाकून बघितलं असतंस की हे कुणाचं मूल. मी सरळ नाव ठेवून पेढे वाटले.

आमच्या शास्त्रात अशा वेळी जुनं नाव टिकतं आणि नवं पडतं. पण पडलेलं नाव खोडत नाहीत. ते खऱ्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात, चूक म्हणून कायमचं लिहून ठेवतात, पुढे नाव ठेवणाऱ्याचं आडनाव. म्हणजे इथून पुढे जगाच्या अंतापर्यंत, जो कुणी हा माइट उघडून बघेल त्याला नानांचं नाव एका चुकीखाली दिसेल, आणि शेजारी वैरागडे, म्हणजे मी. हे लक्षात आलं तेव्हा कूलरसमोर बसूनही मला घाम फुटला. चूक माझी आणि नाव त्यांचं. मी त्यांना न विचारता त्यांचं नाव घेतलं, आणि असं नेऊन ठेवलं.

असो. शास्त्रज्ञाने चूक कबूल करायची असते. मी त्या मासिकाच्या संपादकांना सविस्तर पत्र लिहून निबंध मागे घेतला आहे, आणि नानांनाही योग्य वेळ पाहून शांतपणे सांगणारच आहे. सत्काराच्या आधी ते होईलच. तेव्हा तू काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उन्हात बाहेर पडू नकोस. हे पत्र म्हणजे निव्वळ खुशाली समज.

तुझा,
यशोधन

ता. क. १: 'सांगणारच आहे' हे वर लिहिलेलं पुन्हा वाचलं. ताई, तू मला लहानपणापासून ओळखतेस. तीन वेळा गेलो सांगायला. पहिल्यांदा ते भाषण पाठ करत होते. दुसऱ्यांदा शिंपी माप घेत होता. तिसऱ्यांदा ते मोकळे बसले होते, माझीच वाट बघत असल्यासारखे, आणि मी त्यांना विचारलं, चहा घेता का? चहा केला. चांगला झाला होता.

ता. क. २: संपादकांचं पत्रही पाठवलेलं नाही. लिहिलं आहे, पाकिटावर पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे. गेले नऊ दिवस ते माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे, आणि मी बॅग घेऊन पोस्टावरून रोज जातो. ते टाकलं की नाव पडलं. वर मी शास्त्रज्ञांबद्दल जे लिहिलंय ते इतर शास्त्रज्ञांबद्दल समज.

ता. क. ३: आता खरं काय ते. २० तारखेच्या आत तू ये. गुडघे दुखतात हे मला माहीत आहे, तरी ये. नाना तुझं ऐकतात. तू त्यांना सांग. कसं सांगायचं ते तुझं तू ठरव, मी तेवढा वेळ बाजारात जाईन. येताना ज्वारीचे पापड आण, म्हणजे तू पापडांसाठीच आलीस असं वाटेल. पत्र टाकायला नानांकडेच देतोय. घरातलं टपाल दुसऱ्या कुणी टाकलेलं त्यांना चालत नाही.

(पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर, दुसऱ्या अक्षरात:)

चि. प्रमोदिनीस आशीर्वाद. हे मी लिहून राहिलो, तुझा बाप. यशोधननं पाकीट न चिपकवता देल्लं, डिंक मलेच नीट लावता येते असं त्याचं मत हाय. आतलं मी वाचलं नाही. चौतीस वर्षं दुसऱ्याचं पत्र वाचलं नाही, आता काहून वाचू. शेवटच्या पानाची पाठ कोरी होती, तेवढीच घेतली.

त्याच्या बॅगेत नऊ दिवसांपासून एक पाकीट हाय, त्या मासिकवाल्याच्या पत्त्यावर. चांगली बातमी असली तं माणूस त्याच दिवशी डब्यापर्यंत पळत जाते. जे टाकावंसं वाटत नाही ते पाकीट बॅगेत राहून राहून कोपऱ्यांवर काळं पडते. अशी पाकिटं मी लय पाह्यली, आत काय असते ते पाहावं लागत नाही. शेणाच्या बश्या बी कूलरमागून गेल्या, अन तवापासून पोट्टा जेवताना माझ्याकडं पाहून नाही राहिला. तवाच समजलो का माझं नाव चुकीच्या खणात पडलं.

चुकीच्या खणातलं पत्र मुक्कामी ठेवायचं नाही, त्याच दिवशी पुढं धाडायचं, असा आमच्या डब्यातला कायदा. म्हणून ते पाकीट बी मी आज याच्यासंगंच टाकून राहिलो. तिकीट लागलं की पाकीट लिहिणाऱ्याचं राहत नाही, पत्ता ज्याचा त्याचं होते. पिनकोड चुकला होता, तो सुधारला.

शालिग्रामले सकाळी भेटून आलो. म्हटलं सत्कार राहू दे. तो म्हणे हॉल ठरला हाय, पत्रिका छापल्या. म्हटलं मग मी रेल्वे मेलवर बोलतो, अर्धा तास. कोट तं शिवून झालाच हाय. शाल देत असतीन तं घेईन.

यशोधनले यातलं काही माहीत नाही. तू ये, अन त्याले सांग का नानाले सगळं समजलं हाय अन नानाले काही वाटलं नाही. दुसरी गोष्ट खरी नाही, पण तशीच सांग. मी तीनदा सांगाले बसलो होतो, एकदा तं सगळं काम सोडून त्याचीच वाट पाहत बसलो होतो. तो चहा घेऊन आला. त्याच्या तोंडाकडं पाह्यलं अन चहा पिऊन घेतला.